धाकट्याच्या नावावरचे होम रन

रादामेस बेसबॉलचे तेवीस हंगाम खेळला. स्वतःच्या नावाने एकही नाही.

सान पेद्रो शहराबाहेर, साखर कारखान्याच्या वस्तीत तो वाढला. एकविसाव्या वर्षी त्याचा फटका कारखान्याच्या धुराड्यापर्यंत जाऊ लागला. पण अमेरिकन संघांना पोरं सतरा वर्षांची हवी असत. एकविसाचा त्यांच्या लेखी म्हातारा. अशी पोरं हेरून संघांना पुरवणारा चीचो घरी आला, रादामेसच्या आईच्या, दिग्नाच्या हातची कॉफी प्याला आणि म्हणाला, "धाकट्याचा जन्मदाखला आहे ना? मग अडलंय कुठं?"

धाकटा भाऊ अन्सेल्मो नुकता सतराचा झाला होता. दाखल्यांची अदलाबदल जेवणाच्या टेबलावरच उरकली. वस्तीत हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. अन्सेल्मोला तर गंमतच वाटली.

"आता थोरला मी. दादा म्हणायचं मला," तो म्हणाला. "आणि खेळ संपला की माझं नाव परत. धुऊन, इस्त्री करून."

रादामेसने आईची शपथ घेतली.

गंमत परीक्षेपर्यंत टिकली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला दाखला लागला आणि एकवीस वर्षांच्या घोड्याला बसवून घ्यायला शाळा तयार होईना. अन्सेल्मोने कोयता उचलला आणि उसाच्या फडात गेला.

रादामेसचा गुडघा तिसऱ्या वर्षी अमेरिकेत अधू झाला. तो परत आला आणि त्याच गुडघ्यावर वीस हिवाळे मायदेशातल्या लीगमध्ये खेळला. दोनशे अकरा होम रन. रेडिओवाला "अन्सेल्मोऽऽ" असा सूर लावी. फडातला अन्सेल्मो तेवढा वेळ कोयता थांबवून ऐके. योकास्ता नावाच्या बाईबरोबर तो राहत होता, पण लग्न करीना. देवासमोर भावाच्या नावानं उभा राहिलो तर बायको भावाची ठरेल, असं त्याचं म्हणणं. यंदाचा हंगाम होऊ दे, असं रादामेस दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी मनापासून म्हणे. नाव परत करायचं म्हणजे दोनशे अकरा होम रन खोटे ठरवायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उन्हात ऊस तोडणाऱ्यांची मूत्रपिंडं जातात, तशी अन्सेल्मोचीही चाळिशीत गेली. शेवटी खाटेवर तो एवढंच म्हणाला, "दादा, निदान क्रुसावर तरी माझं नाव असू दे."

"देतो," रादामेस म्हणाला. दोन दिवसांनी अन्सेल्मो गेला.

मृत्यूची नोंद करायला जाताना खरं सांगायचं, असं रादामेसने वाटेत तीनदा ठरवलं. कचेरीतला कारकून त्याला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, मयताचं ओळखपत्र मागून घेतलं.

"रादामेस. तुमचे थोरले बंधू ना? वाईट झालं, साहेब." मग जरा घुटमळून म्हणाला, "आमच्या पोराचं नाव तुमच्यावरनंच ठेवलंय. अन्सेल्मो."

रादामेसने तोंड उघडलं आणि पोराचं वय विचारलं. नऊ, कारकून म्हणाला. मग हजारो चेंडूंवर केली होती तीच सही रादामेसने स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीखाली केली.

दफनाला अख्खी वस्ती लोटली. शहरातूनही लोक आले, ते नामांकित खेळाडूला पाहायला. क्रुसावर रादामेस लिहिलं होतं. दिग्नाला वाचता येत नव्हतं. तिने मातीवर हात आपटत अन्सेल्मोला हाका मारायला सुरुवात केली. म्हातारीचं डोकं फिरलंय, जिवंत पोराच्या नावानं रडतेय, असं शहरातल्या बायका हळहळून म्हणाल्या. कुणीतरी रादामेसला पुढे ढकललं.

"मी इथं आहे, आई," तो म्हणाला.

दिग्नाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मातीकडे वळून हाका मारू लागली.