सपाट रेघेतला गडी

तात्या हात वर करायचे, तळवा ऐकणाऱ्यांकडे, आणि म्हणायचे, "थांब रं गड्या, त्यो म्हणतोय."

जतकडच्या माळावर धनगरी ओव्या ऐकल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल. एकजण ओळ म्हणतो आणि जोडीदार तिचे शेवटचे शब्द झेलून लांबवतो. त्याला झील धरणं म्हणतात. तात्यांना उभ्या जन्मात झील धरणारा एकच. तो वारला, पण तात्यांनी दुसरा घेतला नाही. ओळ म्हणायची, हात वर करायचा, त्याच्या झिलेएवढं थांबायचं, मग पुढची ओळ. लोक हसायचे. तात्या त्यांनाही हातानंच गप्प करायचे.

इस्लामपुरातल्या माझ्या स्टुडिओत ते घोंगडं घेऊन आले ते सांगलीच्या एका पार्टीच्या, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीच्या, रेकॉर्डिंगसाठी. आल्याआल्या एसी बंद करायला लावला. "ह्या गारठ्यात मेंढरू सुदिक मरंल." ओवी झाल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्यापुढं वाकले. मी आवाजाच्या लाटा दाखवल्या, तर त्यांनी बोट ठेवलं ते दोन लाटांमधल्या सपाट रेघेवर.

"तिथं काही नाही, तात्या."

"काय न्हाई कसं? त्यो हाय की तितं."

मला कळलं होतं. हे आज कबूल करतो. कळलं नव्हतं असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

पार्टीला गाणं सलग हवं होतं. एका लाटेवरून थेट पुढच्या लाटेवर उडी मारणारं बटण असतं. उडी मारायची, मधलं सपाट कापायचं, तुकडे ओढून चिकटवायचे. चौदा जागा होत्या. चहा निवायच्या आत काम संपलं.

ऐकायला बोलावलं तेव्हा तात्यांनी पहिल्या ओळीनंतर सवयीनं हात वर केला, आणि तो वर असतानाच त्यांचाच आवाज पुढं निघून गेला. ते माझ्याकडं वळले.

"माझा गडी कुटं घातलास?"

मी म्हणालो, कापलं की गेलं, आता परत येत नाही. साफ खोटं. कापलेलं कुठंही जात नाही. तुकड्याची कड माउसनं धरून ओढली की आत दडलेलं सगळं बाहेर येतं. पण पार्टी नाराज झाली असती.

"मग मलाबी काड," तात्या म्हणाले. "ऱ्हायलो तर दोगं. न्हाईतर कुनीच न्हाई."

दिवस मावळेपर्यंत ते माझ्या उंबऱ्यावर काठी आडवी टाकून बसले. येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत होते, "आत जाऊ नगा, हितं मान्सं कापत्यात." मी मान वर केली नाही.

गाणं बाहेर पडलं, गाजलं. पार्टीनं सत्काराला बोलावलं, तर तात्यांनी शाल परत पाठवली. जत्रेत कर्ण्यावर तेच लागलं तेव्हा कर्ण्यासमोर हात वर करून उभे राहिले. बंद करेपर्यंत हलले नाहीत. मग स्वतः ओवी म्हणाले, झिलेच्या सगळ्या जागा मोकळ्या सोडून. सगळी जत्रा उभी राहून ऐकत होती म्हणे. मी गेलो नव्हतो. तोंड नव्हतं.

परवा त्यांच्या सुनेचा फोन आला. तात्या गेले होते, त्यांचे दिवसही झाले होते. "मामांचा आवाज आसंल का वो? त्ये गानं नगं. त्येंनी घरात वाजू दिलं न्हाई."

फाइल उघडली. एकेक कड धरून ओढली. चौदाही जागा जशाच्या तशा निघाल्या. हेडफोन लावला, तर तिथं शांतता नव्हती. मांडीवर बोटं हलकेच पडत होती. तात्या जोडीदाराचे शब्द मोजत होते. ते पूर्ण झाल्यावरच दम घेत होते.

सुनेला पाठवलं. आणि नेटवर जिथं जिथं माझ्या हातात होतं, तिथं जुनं काढून हे चढवलं. पार्टीला विचारलं नाही.

काल पार्टीचा फोन आला. चिडले होते. गाण्यात फॉल्ट आहे, दर ओळीला आवाज जातो, आजच्या आज नीट करा.

"फॉल्ट नाही," मी म्हणालो. "त्यो म्हणतोय. थांबा जरा."

फोन कानाला होता, तरी माझा मोकळा हात आपसूक वर गेला होता.