दोघींनी एकदम दाबलं तर

ऑफिसात त्याला सगळे ‘शंभर टक्के’ म्हणत. कुणी त्याच्या कामात खोट काढली की हा वरसुद्धा न बघता म्हणायचा, “माझ्याकडे शंभर टक्के चालतंय.” आणि त्याच्याकडे ते खरोखर चालायचं, हीच तर पंचाईत.

कॉम्प्युटरचा हुकूम मशीनपर्यंत पोचवणारे ड्रायव्हर तो लिहायचा. त्यातला एक, हॉस्पिटलच्या लॅबमधला लेबलं छापणारा प्रिंटर सांभाळत असे. लॅबच्या खिडक्या दोन, प्रत्येकीवर एक कॉम्प्युटर, प्रिंटर मात्र दोघींत एक. एक दिवस दोन पेशंटांच्या रक्ताच्या नळ्यांवर एकच नाव चिकटलं. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं, पण ठपका लॅबवाल्या बाईंवर आला. बारा वर्षांची नोकरी, आणि सोमवारी चौकशी. बिचारीनं त्याला फोन केला. “साहेब, आम्ही दोघी...” एवढंच तिच्या तोंडून निघालं. पुढची दहा मिनिटं ड्रायव्हर कसा निर्दोष आहे हे त्यानं तिला समजावलं आणि फोन ठेवला.

तरी माणूस सरळ. रविवारी सकाळी त्यानं तसाच प्रिंटर आणि दोन कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडले, एकावर आपलं नाव घातलं, दुसऱ्यावर सासूबाईंचं, आणि हजार लेबलं छापली. एकही चुकलं नाही. चुकणार कसं? बटण दाबणारा हा एकटा, आणि एक लेबल बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावणारा.

समोर सासूबाई भाजी निवडत होत्या. या बाईंनी आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि जावयाचा सगळा राग त्यावरच होता.

“तो दुसरा रिकामाच आहे. मी दाबू?”

“दाबा, पण आई, आधी माझं छापून होऊ दे, मग तुम्ही...”

सासूबाईंनी दाबलं होतं. दोन लेबलं बाहेर आली. दोन्हींवर सासूबाईंचं नाव.

“अगंबाई, तुमचं कुठे गेलं?”

त्यानं ड्रायव्हर उघडून पाहिला. छापायचं नाव ठेवायला त्यानं मेमरीत एकच जागा केली होती. पहिलं नाव छापून व्हायच्या आत दुसरं त्याच्यावर येऊन बसलं होतं. पाच वर्षं ही चूक त्याचीच होती.

मग त्यानं कुलूप घातलं: एकाचं छापून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. चार ओळींचं काम. सासूबाईंनी तासभर मनापासून घुसखोरी केली, पण प्रिंटर बधला नाही. त्यांना थांबायला लावणारी त्या घरातली ती पहिलीच वस्तू.

सोमवारी ‘चूक माझी’ असं लिहून देऊन त्यानं चौकशी थांबवली आणि लॅबमध्ये गेला.

“त्याचं काय होतं, दोन खिडक्यांवरून...”

“दोघींनी एकदम दाबलं की होतं,” ती म्हणाली. “तेच सांगायला फोन केला होता, साहेब. तुम्ही बोलूच दिलं नाहीत.”

त्याच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते गिळून त्यानं खुर्ची ओढली.

“बोला,” तो म्हणाला, आणि बसला.