बोटीआधीची उडी

हल्लीच्या गेमच्या डब्याला सगळं आठवतं. बंद करून ठेवा, आठ दिवसांनी लावा, तुम्ही जिथून उठून गेलात तिथेच तुमचा माणूस उभा असतो. कंट्रोलरला वायर नाही, चित्र सिनेमासारखं, आणि खेळणाऱ्याला कष्ट म्हणाल तर सोफ्यावर बसण्याचे. तरी आमचे चिरंजीव कुरकुरतात की लोड व्हायला वेळ लागतो. मी म्हणते, बाबा रे, आमच्याकडे शेतातली मोटार चालू झाली की गेम मरायची. त्याला वाटतं, मी थापा मारते.

थापा नाहीत. मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. वडील पहाटेच फुलं घेऊन गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात जायचे आणि आई दिवसभर खुडणीत नाहीतर पाण्यात. नव्वदीच्या शेवटी मामाने माझ्यासाठी मुंबईहून टीव्ही गेम आणला. करड्या रंगाचा डबा, वर कॅसेट खोचायची, खाली दोन रिमोट लोंबकळणारे. आणला माझ्यासाठी, पण खेळायला लागली आई.

पहिल्या दिवशी ती नुसतं बघायला बसली होती. माझा माणूस तिसऱ्यांदा खड्ड्यात पडला तेव्हा म्हणाली, “आण इकडं, काय घाई करतीस येवढी.” आणि झालं. ज्या बोटांनी पोतंभर शेवंती एक पाकळी न सांडता खुडली जायची, त्या बोटांना दोन बटणं म्हणजे काय! त्या कॅसेटमधल्या छोट्या टोपीवाल्याला ती ‘आपला गडी’ म्हणायची. गडी विहिरी ओलांडायचा, कड्यावरून चालायचा, दगड चुकवायचा आणि शेवटी नदीशी यायचा. नदीत वाहते ओंडके. त्यांवरून एक मोठी उडी मारली की पलीकडे काय आहे ते दिसणार. शाळेतल्या मैत्रिणी सांगायच्या, बोट आहे. कुणी म्हणायचं, राजवाडा आहे. स्वतः पाहिलेलं कुणीच नव्हतं. आईने ती उडी मारावी आणि आम्ही दोघींनी मिळून ते बघावं, याचा मला ध्यास लागला होता.

अडचण विजेची होती. घरात लाईट असायची, पण मोटारीची लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. दिवसाच्या आठवड्यात आमचा गडी नदीजवळ आला रे आला की बांधावरून वडिलांची हाक यायची, “लाईट आली, दारं धर!” म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवायला चल. आई स्टार्टचं बटण दाबायची, गडी हवेत लटकत थांबायचा, आणि ती पदर खोचून निघायची. मोटार चालू झाली की व्होल्टेज पडायचं, टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि गेम पहिल्या विहिरीवर. मी तिथेच पाय आपटायची. आई पाण्यातून चिखल घेऊन यायची आणि म्हणायची, “उद्या परत जाऊ की. नदी कुठं पळून चालली?”

रात्रीच्या आठवड्यात संध्याकाळ आमची असायची. तेव्हा हाक नाही, काही नाही. पण त्या शेवटच्या उडीला आईचा हात हमखास चुकायचा. एरवी कधी न चुकणारा हात! गडी दोन ओंडके नीट पार करायचा आणि तिसऱ्यावरून सरळ पाण्यात. “गेला बाई,” ती म्हणायची, आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवायची. मला तिची कीव यायची. कीव यायची म्हणून मी रोज तिच्याजवळ बसायची.

खरं तर मी एका जागी बसणारी पोर नव्हे. गोष्टीचं पुस्तक संपलं की ते मी परत हातात धरत नसे, नवा फ्रॉक एकदा मिरवला की त्यातला जीव जायचा. आई चिडवायची, “हिचं प्रेम म्हंजे पहिल्या तोडणीपुरतं.” दहावीचं वर्ष आलं, गावात मैत्रिणी होत्या, सायकल होती. तरी संध्याकाळी मी घरी असायची, कारण आपली नदी पार व्हायची राहिली होती.

दसऱ्याला आई फवारणीचा पंप, खुरपी, मोटारीचा स्टार्टर यांच्या रांगेत तो करडा डबाही मांडायची. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू, आणि त्या दिवशी कुणालाच हात लावायचा नाही. एका दसऱ्याला तिने कॅसेटच्या फटीतच कुंकू वाहिलं. नंतर मी कितीही फुंकर मारली तरी पडद्यावर नुसते चट्टेपट्टे. आई म्हणाली, “जास्तच भक्ती झाली वाटतं.” आणि हसली. मला हसू आलं नाही. मग कॉलेज आलं, नोकरी आली, लग्न होऊन मी शहरात, सिडकोत राहायला आले. नदी अर्धवटच राहिली.

काही वर्षांनी घरात नवीन कन्सोल आला, सीडीचा. त्याला मेमरी कार्ड, म्हणजे खेळ साठवून ठेवायची सोय. जुन्या गेम्सची एक सीडी मिळाली आणि त्यात आमचा टोपीवाला दिसला. ऑफिसातून येऊन मी रोज खेळत बसायची. कशीबशी नदीपर्यंत पोचले आणि तिथे खेळ सेव्ह केला. उडी मारली नाही. ती आईची होती.

आईला मळ्यातून घेऊन आले. बोटं तोवर आखडली होती, पण कंट्रोलर हातात घेतल्यावर ती सावरून बसली. मध्येच तो थरथरला तर म्हणाली, “शॉक नाय ना बसायचा?” मग पहिला ओंडका, दुसरा, तिसरा. आणि उडी. एका दमात. मी तोंडावर हात धरला.

गडी हवेतच होता. पलीकडचा काठ अजून पडद्यावर आला नव्हता. आई सहज म्हणाली, “आता बोटीवरची बाई हिरवा रुमाल हलवती बघ. मंग फुलं पडत्यात.”

बोट आली. बाई आली. रुमाल हिरवा होता. वरून फुलं पडायला लागली.

मी पडद्याकडे बघायचं सोडून आईकडेच बघत राहिले. “तुला कसं माहीत?”

“तू शाळेत गेलीस की खेळायची की मी. रात्रीच्या लाईटीचा आठवडा व्हता. पहिल्या दसऱ्याच्या आधीच झाली व्हती पार.”

“आणि मग रोज पाण्यात पडायचीस ती?”

तिने कंट्रोलरची वायर नीट गुंडाळली. मग म्हणाली, “संपली आसती तर तू बसली आसतीस व्हय माझ्यापाशी?”

तिने चहा मागितला.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मळ्यावर इमारती आल्या. मुलाच्या या सगळं आठवणाऱ्या डब्यात ती जुनी गेमही मिळते, आणि संपलेलं परत हातात न धरणारी मी ती रोज संध्याकाळी लावते. मला आई हवी असते शेजारी, दुसरं काही नाही. मुलगा मोबाइल घेऊन त्याच्या खोलीकडे निघालेला असतो. मी विहिरी पार करते, कडा पार करते, नदीशी येते. पहिला ओंडका, दुसरा. तिसऱ्यावर मी बटण जरा उशिरा दाबते.

“मम्मी, परत पडलीस?” तो दारातून वळतो. “सरक जरा. दाखवतो तुला.”

मी सरकते आणि त्याला जागा करून देते.