डाव्या चाकाचे नट

रविवारी जेवणं आटोपली की मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते, जीपच्या पुढच्या चाकाशी पोतं अंथरते आणि पाना हातात घेते. आज पाना हातात आहे, पण डोळे मिटताहेत. आठवडाभर पोस्टाच्या काउंटरवर उभं राहून पोटऱ्या भरून आल्यात. चाकाला पाठ टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज लांब लांब जायला लागतो.

"पोतं दमट आहे, कुंदा. कंबर धरेल."

हे बॉनेटवर बसलेत. दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा होता, आता नेहमीचा खाकी शर्ट आहे. मला नवल वाटत नाही, राग येतो. दोन वर्षांत एकदाही आला नाहीत आणि आज आलात ते पोत्याचं सांगायला.

"आधी खाली उतरा. पत्रा आत्ताच ठोकून सरळ केलाय."

"कुणी?"

"मी. दुसरं कोण आहे इथं?"

ते उतरतात आणि जीपभोवती हिंडतात. लिलावात घेतली तेव्हाच ही जीप म्हातारी होती. यांचा सगळा जीव तिच्यात आणि मला स्टेपनीसुद्धा बदलता येत नव्हती. आता मी त्यांना दाखवत जाते. वायरिंग नवं केलं. कार्बोरेटर तीनदा खोलला, दोनदा चुकीचा लावला. वरचं ताडपत्रीचं हूड माझ्या शिलाई मशिनवर शिवलं, चार सुया मोडल्या. पुढं एलईडी दिवे बसवले.

"लग्नाच्या वरातीची गाडी वाटतेय," ते म्हणतात.

"वाटू दे. घाटात रस्ता तरी दिसेल."

बोलत बोलत आम्ही मागून पुढं येतो, तर शेड नाही. जीप पोस्टात काउंटरच्या आत उभी आहे. बाहेर रांग आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी मोडकं आहे. कुणाचा पंखा, कुणाची खुर्ची, कुणाचा कुकर. "मॅडम, आमचं कधी होणार?" मी सगळं घेत जाते, नाही म्हणायचं सुचतच नाही. हे बाजूला उभे राहून नुसतं बघताहेत.

"बघताय काय? त्या चाकाकडं बघा," मी ओरडते. "तीन रविवार झाले, डावीकडचा एक नट हलेल तर शपथ. उजवी चाकं झटक्यात उघडली. याच्यावर डिझेल ओतलं, पान्याला पाईप लावला, पाईपवर उभी राहिले."

ते वाकून बघतात आणि हसायला लागतात. पूर्वीसारखंच, खांदे हलवत.

"अगं, तीन रविवार तू तो आवळतेयस. जुन्या जीपला डावीकडं उलटे आटे असतात."

"हे जाताना सांगायचं होतं."

"जाताना आटे कोण सांगतं?"

आता जीप नदीत उभी आहे, कोयनेचं पाणी जीपच्या पायरीवर येतंय, आणि पाणी ओलांडलं की समोर हॉस्पिटलचा कॉरिडॉर आहे. त्याच्या टोकाला तीच खाट. मला तिकडं जायचं नाही, पण आम्ही पोचलेलो असतो. हे खाटेवर आहेत, मी उशाशी. तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणतात, "गाडी बंद पडू देऊ नकोस."

"तेच तर करतेय!" माझा आवाज फुटतो. "शनिवार नाही, रविवार नाही. नोकरी आहे, घर आहे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तुमची ही गाडी. थकले हो मी. मला ही गाडी आवडतसुद्धा नाही."

इतक्या वर्षांत हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर भीती वाटते. ते माझ्याकडं बघतात, मग माझ्या मागं दाराकडं बघतात.

"मी तुला नव्हतो सांगत, कुंदा."

मी वळते. दारात यांचा धाकटा भाऊ विलास उभा आहे, हातात थर्मास. त्याला जीप चालवायला यांनीच शिकवलं होतं. तेरावा झाल्यावर पुण्याला गेला तो अजून फिरकलेला नाही.

"विल्याला सांगत होतो. खोलीत कुणी काही बोललं की तू ते आपलंच काम म्हणून उचलतेस."

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"म्हणायला वेळ कुठं होता?"

ते पाना घेतात, माझा हात त्यावर ठेवतात आणि माझ्या सवयीच्या उलट दिशेला फिरवतात. नट कुरकुरतो आणि सुटतो. सुटलेला नट ते माझ्या मुठीत ठेवतात. त्यांचा हात गरम आहे, मला तो सोडवत नाही.

"चहा टाकू?" मी विचारते.

मिक्सर एकदम जवळ येतो. ऊन शेडच्या दारात आलंय. मान अवघडलीय, पाना मांडीवर पडलाय आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर आत डिझेलनं काळा झालेला नट. तळहातावर त्याच्या कडा उमटल्यात. चाकावर चारच नट उरलेत.

आता मला दिशा ठाऊक आहे. पंधरा मिनिटांचं काम, हात शिवशिवतात. मी ते पदराला पुसते आणि फोन लावते.

"विलासभावजी, डाव्या चाकाचे चार नट राहिलेत. गाडी बंद पडू देऊ नकोस, हे तुमच्या दादांनी तुम्हाला सांगितलं होतं. मला नाही."

पलीकडचा रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कमी होतो, तो आडोशाला गेला असावा.

"ऐकलं होतं मी, वहिनी," तो म्हणतो.