दोराला बांधलेला डबा

निर्मळ पाणी हा माणसाचा हक्क असेल, तर ते पिताना त्याला भीती का वाटावी?

वडनेरला आमच्या शेजारी कपाशीवर फवारणी करणारे एक काका राहत. औषध ते उघड्या हातानेच पाण्यात ढवळत आणि "हाताले सवय हाय," म्हणून हसत. गावविहिरीची बादली फुटली, तेव्हा लोकांची अडचण नको म्हणून त्यांनी औषधाचा रिकामा डबा दोराला बांधला. डब्यावरची कवटी तशीच होती.

"काका, यात विष होतं!" मी म्हणाले.

"राखेनं तीनदा घासला, पोरी. काऊन भिऊन राह्यली?" म्हणत त्यांनी पहिलं पाणी आपल्याच नातीला पाजलं.

त्या मायाळू हातांची मला अजून भीती वाटते. असा डबा दिसला, तर बांधणाऱ्याला हसू नका. डबा दोरापासून सोडा, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून त्याला भोकं पाडा आणि विहिरीपासून दूर पुरा.