तळ्याच्या पलीकडच्या काठावर

माझे धाकटे दीर जहाजावर असतात. माझा नवरा श्रावणात गेला आणि ते रजेवर आले ते मे संपता संपता. घरात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वयनी, दादा खंय पडलो ती जागा माका दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा गावातून रिक्षा करून आम्ही तळ्यावर गेलो. तळ्याभोवती झाडीतून पायवाट आहे. नवऱ्याची साखर वाढली तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं ती फेरी घालायचो. अशाच एका फेरीत, पलीकडच्या काठावर, 'हातात मुंग्या येतत' म्हणत तो खाली बसला होता.

मी पुढे, दीर मागे. वारा पडलेला. दोघांचेही कपडे अंगाला चिकटले होते. पलीकडे पोचल्यावर मी थांबले. श्रावणात पाणी वाटेला टेकलं होतं. आता ते पार खाली गेलं होतं आणि काठाचा चिखल तडकला होता. प्रत्येक झाड सारखंच दिसत होतं.

"हयच?"

"नाय. जरा फुडे."

पुढे गेलो, परत मागे आलो. शेवटी मी म्हटलं, "भावजी, माका ओळखूक येणा नाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "त्याका एकट्याक सोडून गेलात?"

"फोनाक रेंज नाय होती. कोणाक तरी बोलवूचा होता."

"किती वेळ एकटो होतो?"

"म्हायती नाय. मी धावत होतंय. माणसां घेऊन इलंय तेव्हा सगळा संपला होता."

माणसं आणायला मी वळले तेव्हा नवरा माझ्याकडे बघत होता, हे मी भावजींना सांगितलं नाही.

उरलेली फेरी ते पुढे चालत राहिले, मागे वळून न बघता. काठावरच्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढले.

"माका वाटला होता, जागा बघल्यार रडाक येयत," ते म्हणाले. "थंय जहाजार येवक नाय. हयही येणा नाय."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

रजा संपेपर्यंत ते पुन्हा तळ्याचं बोलले नाहीत, माझ्याशीही फारसं नाही. निघताना दारातूनच "येतंय" म्हणाले. गणेशचतुर्थीला त्यांचा फोन आला, तो माझ्या मुलीने घेतला; मला द्यायला त्यांनी सांगितलं नाही.