शाळेच्या चुलीवरची मावशी

मावशीला आमच्यापैकी कुणाचंच नाव धड यायचं नाही. नेकनूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ती खिचडी शिजवायची आणि पोरं ओळखायची ती ताटावरून. कुणी ‘दोन पळ्यांवाला’, कुणी ‘मिरची काढणारी’. मला पातेल्याच्या तळाची खरपुडी आवडायची, म्हणून मी ‘खरपुडी’.

मी आठवीत असताना लॉकडाऊन लागला. आई-बाबा ऊसतोडीला गेलेले, ते कारखान्यावरच अडकले. मी चुलत्यांकडे. एसटी बंद, शाळेला कुलूप. दुपारी गाव इतकं गप्प व्हायचं, की लिंबाचा मोहोर पत्र्यावर पडलेला ऐकू येतोय असं वाटायचं. त्या शांततेत माझंही बोलणं कधी थांबलं, मला कळलंच नाही.

शाळेतले तांदूळ आणि डाळ घरोघरी पोचवायचं काम मावशीकडे आलं. वाटप दोन दिवसांत संपलं, पण ती रोज आमच्याकडे येत राहिली. पदर तोंडाला बांधून उंबऱ्याबाहेर बसायची. म्हणायची, “मला वाचता येत न्हाई. तू वाच, मी ऐकते.”

तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. ती भिंतीला टेकून डुलकी काढायची आणि ऊन कललं की उठून जायची. चौथ्या दिवशी मी पुस्तक काढलं. माझाच आवाज मला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. नदीचा धडा होता. मी मध्येच अडखळले, तर डोळे मिटूनच ती म्हणाली, “थांबू नगंस. पानी लई गार हाय.”

पंधरवड्यानं चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. “शाळाच बंद हाय मावशे. चार मानसांत उरकून टाकतो,” ते म्हणाले.

मावशी धडा ऐकायला आली होती. “शाळा बंद हाय, पोरगी न्हाई. पटावर नाव हाय तिचं,” ती म्हणाली. “तिच्या बापाला इचारलं का?”

चुलत्यांनी नुसताच खिशातला मोबाईल चाचपला.

“मंग लावा फोन. लागंस्तोवर मी बसते.”

फोन लागेपर्यंत ऊन उतरलं. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “आमी येईस्तोवर कायबी ठरवू नका,” ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की उंबऱ्यापर्यंत ऐकू आलं.  मावशी माझ्याकडे वळली. “वाच गं. कुठवर आलतो आपण?”

आई-बाबा परतले, स्थळ मोडलं. पुढं मी शिकायला बीडला वसतिगृहात गेले. बारावीच्या पेपरच्या सकाळी आईचा फोन आला, मावशी गेली म्हणून. मी पेपरला गेले. तीन तास लिहीत राहिले. बाहेर आले तेव्हा गावात सगळं आटोपलं होतं.

एसटीत बसल्यावर मात्र मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी पाठीवर हात ठेवून विचारलं, “कोन गेलं गं, लेकरा?”

ती आमची कुणीच लागत नव्हती.

“मावशी,” मी म्हटलं. “सख्खी.”